किल्लीची जागा

घरात वस्तू हरवणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यातही किल्ली हरवणे म्हणजे तर रोजचा प्रसंग. बाहेर निघण्याची घाई असते, रिक्षा दाराशी उभी असते आणि घरातील लहानथोर मंडळी उशा उलट्यापालट्या करीत, डबे उघडीत, एकमेकांस दोष देत फिरत असतात. शेवटी किल्ली सापडते ती पोळ्यांच्या डब्याजवळ, नाहीतर कालच्या वर्तमानपत्राखाली. पण हीच गोष्ट एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या भांडारात घडली तर ती घरगुती राहत नाही. ती राज्याची होते, न्यायासनापुढे जाते आणि लक्षावधी भाविकांच्या मनाला घोर लावते. म्हणून किल्लीचा आणि ती सांभाळण्याच्या रीतींचा इतिहास थोडक्यात पाहावा, आणि त्यातून आपल्या घरास काही उपयोगी पडते का तेही पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीतील ‘किल्ली’ हा शब्द संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, खिळा यापासून आला. आपल्या कोकणीत आणि कोकणपट्टीच्या मराठीत रूढ असलेली ‘चावी’ पोर्तुगीज भाषेतून आली. त्या भाषेतील मूळ शब्द लॅटिन ‘क्लाविस’ हा होय, आणि लॅटिनमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘क्लावुस’ म्हणजे पुन्हा खिळाच. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’ शब्द. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि येताना त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली. गोव्यातील कोणत्याही घराच्या दाराशी उभे राहून ‘कुलपाची चावी’ असे म्हटले की अरबस्तान आणि पोर्तुगाल एका शब्दयोजनेत येतात. आणि पलीकडे घाटावर ‘किल्ली’ म्हटले की संस्कृत येते.

खिळा आणि किल्ली यांचे हे नाते उगीच नाही. इजिप्त आणि पश्चिम आशिया येथील जुनी कुलपे लाकडी असत. अडसरात काही खुंट्या वरून खाली पडून बसत आणि तो अडकून राही. दुसऱ्या बाजूस दात्यांसारख्या खुंट्या असलेली लाकडी किल्ली आत घालून वर उचलली म्हणजे त्या पडलेल्या खुंट्या वर सरत व अडसर मोकळा होई. ही किल्ली चांगली लांबरुंद असे. बायबलातील यशयाच्या ग्रंथात खांद्यावर ठेवलेल्या किल्लीचा उल्लेख आहे, तो अलंकारिक असला तरी अशा मोठ्या किल्ल्या पाहिलेल्या लोकांना तो सहज कळला असेल. खांद्यावर घेण्याजोगी वस्तू उशीखाली हरवत नाही, हे सांगावयास नकोच.

पुढे धातूच्या किल्ल्या आल्या आणि लहान झाल्या. रोमन लोकांच्या पेहरावास खिसे नव्हते. म्हणून लहान पेट्यांच्या किल्ल्या ते अंगठीप्रमाणे बोटात घालीत. अशा पुष्कळ अंगठी-किल्ल्या युरोपातील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. त्या समाजात किल्ली हे गृहिणीपदाचे चिन्ह होते. सिसरोने इसवी सन पूर्व ४४ मधील आपल्या एका प्रसिद्ध भाषणात, पत्नीकडून किल्ल्या काढून घेणे म्हणजे तिच्याशी काडीमोड घेणे, अशा अर्थाचा रोमन रिवाज उल्लेखिला आहे. आपल्याकडे सासूने कमरेचा छल्ला काढून सुनेच्या हाती देणे या कृतीचा अर्थ काय होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हा रिवाज परका वाटणार नाही. कोठीच्या किल्ल्या ज्या हाती, घरातील शब्द त्या हाती.

आपल्या जुन्या घरांतून किल्ली सांभाळण्याच्या ज्या रीती होत्या, त्या नीट आठवून पाहिल्या तर त्यांत एक सूत्र दिसते. बायका किल्ल्यांचा जुडगा चांदीच्या छल्ल्यात घालून कमरेला अडकवीत, नाहीतर पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवीत. पुरुष कनवटीस लावीत. जानव्याला तिजोरीची किल्ली बांधणारे गृहस्थ तर पुष्कळांच्या पाहण्यातील आहेत. ज्या किल्ल्या अंगावर बाळगावयाच्या नसत त्यांना देव्हाऱ्याजवळचा कोनाडा, माजघराची खुंटी किंवा फडताळाचा ठराविक खण नेमून दिलेला असे. म्हणजे किल्लीला दोनच जागा: माणसाचे अंग, नाहीतर घराची नेमलेली जागा. ‘सध्या इथे ठेवतो, मग उचलतो’ ही जी तिसरी जागा, ती त्या व्यवस्थेत नव्हती; आणि आमच्या मते हरवलेल्या किल्ल्या बहुतेक त्या तिसऱ्या जागेतच असतात.

ही व्यवस्था मोडली कशी? त्याचा इतिहास एका अर्थी कारखान्यांचा इतिहास आहे. अमेरिकेत लायनस येल याने १८६१ मध्ये खुंट्यांच्या कुलपाचे, लहान चपट्या किल्लीने उघडणारे, सुधारलेले रूप पेटंट करून घेतले. तत्त्व इजिप्तच्या लाकडी कुलपाचेच, परंतु किल्ली बोटभर. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईस कुलपे बनविण्याचा उद्योग सुरू केला. उत्तरेत अलीगढ आणि दक्षिणेत दिंडिगुल ही गावे कुलपांसाठी प्रसिद्धीस आली. कुलूप स्वस्त झाले, घरोघर आले, एका घरात दहा झाली. पूर्वी कोठीला एक आणि पेटीला एक अशी दोन कुलपे असत. आता मुख्य दार, कपाट, त्याचा आतला खण, दुचाकी, कचेरीचे टेबल, बँकेतील पेटी अशी ती वाढत गेली. त्याच काळात एकत्र कुटुंबे फुटली. दिवसभर घरी कोणी असे म्हणून ज्या दारास दिवसा कधी कुलूप लागत नव्हते, त्याची किल्ली आता घरातील प्रत्येकाच्या खिशात गेली. किल्ली लहान झाली, संख्येने वाढली आणि तिचा एक असा सांभाळणारा राहिला नाही. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ती न हरवती तरच नवल.

आता देवळाकडे वळू. देवाच्या अलंकारांच्या पेटीचा प्रश्न घराहून निराळा. घरात एक विश्वासू माणूस पुरतो; देवळात एकावर विश्वास टाकणे त्या एकावरही अन्याय करणारे असते. काही उणे पडले तर संशय त्याच्यावरच यावयाचा. म्हणून जगात अनेक ठिकाणी एकच तोडगा निघाला: अनेक कुलपे आणि अनेक हात. पोर्तुगाल व स्पेन या देशांत सार्वजनिक पैशाच्या पेटीस तीन कुलपे लावून तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे एकेक किल्ली देण्याची पद्धत होती. तिघे एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नसे. इंग्लंडात १५३८ मध्ये गावोगावच्या चर्चला जन्म-लग्न-मरणाची नोंदवही दोन कुलपांच्या पेटीत ठेवण्याची आज्ञा झाली, आणि १६०३ च्या धर्मनियमांत कुलपे तीन झाली. एक किल्ली धर्मगुरूकडे व दोन गावाच्या दोघा प्रतिनिधींकडे.

आमच्या गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने तिसवाडी, साष्टी आणि बारदेश येथील देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी देव उचलून त्या वेळी आदिलशाही अंमलात असलेल्या अंत्रुज महालाची वाट धरली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. दारे, भिंती, कुलपे सारे मागे राहिले. बरोबर आले ते देव आणि देवाचे सेवेकरी. म्हणजे देवस्थान ज्यावर टिकले ते लोखंड नव्हे, माणसांचा परस्परांतील विश्वास होय. पुढे १८८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने महाजनांच्या संस्थांसाठी नियम केले आणि १९३३ मध्ये देवस्थानांचा नवा कायदा झाला. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार अशी जबाबदारीची वाटणी लेखी झाली. परक्या सरकारची देखरेख अनेकांस जाचली असेल, परंतु ‘देवाची वस्तू कोणाच्या ताब्यात’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर असावे हा त्यातील विचार चुकीचा म्हणता येत नाही. ज्या देवळांत पूजेची पाळी फिरते तेथे एक पाळीदार दुसऱ्यास गाभाऱ्याची किल्ली समक्ष देतो. वस्तू मोजून घेतल्या जातात. त्या समक्षपणात सारे आले.

पण अनेक हातांच्या व्यवस्थेतही एक भोक राहते, आणि ते श्रीक्षेत्र पुरीच्या उदाहरणाने आपल्या डोळ्यांसमोर आले. जगन्नाथ मंदिराच्या जगमोहनालगत उत्तरेस रत्नभांडार आहे. त्याचे बाहेरचे व आतले असे दोन कक्ष. बाहेरच्या कक्षातील अलंकार उत्सवप्रसंगी काढावे लागतात. त्याच्या तीन किल्ल्या गजपती महाराज, मंदिराचे प्रशासन आणि भांडार मेकाप नावाचा सेवेकरी यांच्याकडे असत. आतल्या कक्षाची किल्ली जिल्हाधिकाऱ्याच्या ताब्यातील सरकारी कोषागारात राहावयाची. १९७८ मध्ये भांडाराची मोजदाद झाली. १९८५ च्या जुलैत आतला कक्ष पुन्हा उघडला गेला. आणि त्यानंतर तो बंदच राहिला. ४ एप्रिल २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार इमारतीच्या पाहणीसाठी एक पथक आत गेले, तेव्हा आतल्या कक्षाच्या दारापाशी त्यास थांबावे लागले. जाळीतून प्रकाशझोत टाकून जे दिसले ते पाहून मंडळी परतली. काही आठवड्यांनी लोकांस कळले की किल्लीच सापडत नाही.

ओडिशात हलकल्लोळ उडाला. जूनमध्ये सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशी आयोगाची घोषणा केली; आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्हाधिकारी कचेरीच्या दप्तरखान्यात एक लखोटा मिळाला, त्यावर आतल्या रत्नभांडाराच्या दुसऱ्या किल्ल्या असे लिहिलेले होते. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी दार उघडण्यास आणखी सहा वर्षे लागली. १४ जुलै २०२४ रोजी शासनाने नेमलेल्या समितीच्या समक्ष आतल्या कक्षाशी जाऊन त्या किल्ल्या लावून पाहिल्या, तेव्हा त्या एकाही कुलपास लागेनात. अखेर दंडाधिकाऱ्यासमक्ष तिन्ही कुलपे तोडावी लागली. पुढे काही दिवसांनी आतील वस्तू तात्पुरत्या भांडारात हलविण्यात आल्या.

या प्रकरणात कोणाचा दोष, हा आमचा विषय नाही. आम्हांस त्यातील व्यवस्थेचा धडा महत्त्वाचा वाटतो. रोज वापरात असलेल्या बाहेरच्या कक्षाच्या किल्ल्या हरवल्या नाहीत, कारण त्या माणसांच्या हाती होत्या आणि हातांना कामाची आठवण होती. हरवली ती, जी कचेरीकडे सोपविली होती. अधिकारी बदलत गेले, आणि आपल्याजवळ काय आहे हे एकाने दुसऱ्यास समक्ष दाखविण्याची रीत मोडली. राखीव किल्ली होती, पण ती लागते की नाही हे कोणी कधी पाहिले नाही. तेहतीस वर्षांच्या अंतराने जेव्हा गरज पडली तेव्हा किल्लीही नव्हती आणि किल्लीविषयीची आठवणही नव्हती.

आठवण एकाच माणसापाशी राहिली तर काय होते याविषयी ग्वाल्हेरची एक आख्यायिका तिकडच्या आमच्या वाचकांस ठाऊक असेल. शिंद्यांच्या गंगाजळीचा, म्हणजे किल्ल्यात दडविलेल्या द्रव्याचा, ठावठिकाणा सांगणारे बीजक केवळ महाराजांस माहीत असे. १८८६ मध्ये जयाजीराव निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. ते बीजक सांगावयाचे राहून गेले, आणि पुढे द्रव्य सापडले तेही योगायोगाने, असे सांगतात. आख्यायिकेतील तपशील सोडून दिला तरी तिचे तात्पर्य टिकते. गुपित जितके पक्के, तितके ते माणसाबरोबर नाहीसे होण्याचे भय अधिक.

हरवलेली वस्तू मिळावी म्हणून श्रद्धावान माणसाने काय केले हेही या इतिहासाचेच अंग आहे. आपल्याकडे वस्तू हरवली की कार्तवीर्य अर्जुनाचे स्मरण करण्याची चाल आहे. हैहय कुळातील हा सहस्रबाहू राजा माहिष्मतीचा. इंदूरकडील लोक नर्मदाकाठचे महेश्वर हीच ती माहिष्मती असे मानतात, आणि तेथील राजराजेश्वराच्या देवळात त्याच्या नावाने अखंड नंदादीप तेवतात. यातील गंमत अशी की ह्या राजाचा वध करणारा परशुराम हाच आमच्या कोकण-गोमंतकाचा आदिपुरुष मानला जातो. तरी परशुरामाच्या भूमीतील वृद्धा किल्ली हरवली की स्मरण करतात ते त्याच्या वैऱ्याचे! पलीकडच्या आळीत राहणारी आमची ख्रिस्ती शेजारीण अशाच प्रसंगी संत आंतोनीला नवस बोलते. हा संत लिस्बनमध्ये जन्मला, १२३१ मध्ये इटलीतील पादुआजवळ निवर्तला आणि हरवलेल्या वस्तूंचा कैवारी म्हणून जगभर पुजला जातो. शोधणाऱ्याची काकुळती दोन्ही घरी एकच.

या स्मरणाचा एक लौकिक लाभ तरी उघड आहे. धावपळ थांबते, माणूस क्षणभर बसतो आणि शेवटी किल्ली हाती कोठे होती हे मनात आणू लागतो. आजचे मानसशास्त्रही याच दिशेने बोलते. डॅनियल शॅक्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००१ मधील आपल्या ग्रंथात स्मृतीचे सात दोष सांगितले, त्यांत अनवधान हा एक. किल्ली ठेवताना लक्ष अन्यत्र असेल तर ‘ठेवली’ ही नोंदच मनात नीट होत नाही. मग जी नोंद नाही ती आठवणार कशी? म्हणून खरा उपाय शोधताना करावयाचा नसून ठेवताना करावयाचा आहे. २०१२ मध्ये ल्युपियन आणि स्विंगली या दोन संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की शोधावयाच्या ओळखीच्या वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारीत शोधणाऱ्यास ती पुष्कळदा लवकर दिसते. ‘किल्ली, किल्ली’ असे पुटपुटत घरभर फिरणाऱ्या आजीबाईंस हसणाऱ्या नातवंडांनी हे ध्यानात ठेवावे.

एवढ्या इतिहासातून घरासाठी जे निघते ते थोडके आहे, पण पाळण्याजोगे आहे. दाराशी एक खुंटी असावी आणि किल्ली हातात असताना दुसरे काहीही करण्यापूर्वी ती तेथे जावी. एकटी लहान किल्ली ठेवू नये. तिला हाताला जाणवेल असे लाकडाचे वा पितळेचे लोढणे बांधावे, म्हणजे जुन्या किल्लीचा आकार तिला परत मिळतो. ठेवताना ‘खुंटीला लावली’ असे तोंडाने म्हणावे. लक्ष तेवढ्यापुरते हातावर येते. प्रत्येक किल्लीस चिठ्ठी असावी आणि घरातील दोघांस तरी कोणती कशाची हे माहीत असावे. दुसरी किल्ली विश्वासू आप्ताकडे ठेवावी, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे-अवजारे पुजताना म्हणा हवे तर, ती कुलपास लावून पाहावी. हल्ली शिट्टी देऊन आपला पत्ता सांगणारी विजेची बटणे किल्लीस लावतात, ती अवश्य लावावी. परंतु बटणातील घट संपला आहे की नाही हे पाहणारा माणूस लागतोच.

वडीलधाऱ्यांच्या हातून किल्ल्या वरचेवर हरवू लागल्या तर रागावू नये, हेही सांगितले पाहिजे. ज्या हातांनी चाळीस वर्षे कोठी सांभाळली, त्या हातांतून छल्ला हिसकावून घेणे हे रोमन काडीमोडाहून वेगळे नाही. त्यांची खुंटी त्यांच्या नजरेसमोर ठेवावी, दुसरी किल्ली आपल्याजवळ असावी आणि मान त्यांच्याजवळ राहू द्यावा. विसरणे फारच वाढले तर मात्र वैद्याचा सल्ला घ्यावा. ते वयाचेच म्हणून सोडून देऊ नये.

आमच्या समाजास या गोष्टीचा आणखी एक अर्थ आहे. गोव्यात आणि सीमेवरच्या गावांत कितीतरी वाडवडिलांची घरे वर्षातील अकरा महिने बंद असतात. माणसे मुंबई, पुणे, बडोदे, हैदराबाद येथे, नाहीतर समुद्रापलीकडे. चवथीला कोणी येतो, शेजाऱ्याकडून किल्ली घेतो, दार उघडतो, माटोळी बांधतो, देवापुढे दिवा लावतो आणि पाच दिवसांनी किल्ली पुन्हा शेजारी ठेवून जातो. ती किल्ली कोणाकडे आहे हे ज्या काकांना माहीत आहे त्यांचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. आतले कपाट कशाने उघडते, देवाची चांदीची उपकरणी कोठे आहेत, जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत, हे त्यांच्यानंतर कोण सांगणार? पुरीच्या दाराशी शासन कुलपे तोडू शकले. आपल्या घरचे कुलूप तोडूनही आपल्याला आतले काय ओळखू येणार आहे? तेव्हा येत्या चवथीस आरत्या आटोपल्यावर काकांना ओसरीवर बसवावे, सगळ्या किल्ल्या चटईवर मांडाव्यात, त्यांच्या तोंडून एकेकीचे ठिकाण ऐकून वहीत लिहून घ्यावे, आणि लिहिण्याचे काम घरातील सर्वांत लहान, पण अक्षर येणाऱ्या मुलाकडे द्यावे.